मेंढा दुसऱ्या कॉलवर आहे

आमच्या थोरल्या लेकीला, काशीला, जुळं झालं त्या साली आमचा मेंढा कोकणात हरवला. दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही नवरा-बायको नाक्यावरच्या चहाच्या टपरीपुढं जाऊन उभे राहिलो.

"शेट, एक फोन लावायचा होता," कारभारी म्हणाले.

टपरीवाल्याला सगळे बाळाशेट म्हणायचे. त्यांनी खिशातून मोबाईल काढला. "लावू की. कुणाला?"

"मेंढ्याला."

"मेंढे? पंचायतीतले?"

"मेंढे न्हाय, मेंढा. चार पायाचा. कपाळावर पांढरा टिळा हाय."

बाळाशेटच्या हातातली गाळणी तशीच राहिली. बाकावर तीन-चार माणसं बसली होती, ती सगळी आमच्याकडं वळली. त्यातला एक म्हणाला, "बाळाशेट, ह्यांना आधी सावलीत बसवा."

मग मला सगळं सांगावं लागलं. आम्ही धनगर. भात निघालं की मेंढरं घेऊन घाट उतरायचा, लोकांच्या शेतात रात्री मेंढरं बसवायची म्हणजे शेताला खत मिळतं, आणि पाऊस यायच्या आत घाट चढून घरी जायचं. कळपाच्या पुढं चालायचा सुभेदार नावाचा आमचा मेंढा. तो चालला की सगळी चालत. तो नसला तर आमची मेंढरं पूल ओलांडत नसत, डांबरी रस्ता दिसला की जागच्या जागी उभी राहत. काल बाजाराच्या गर्दीत एक टेंपो मध्ये घुसला, कळप फाटला आणि सुभेदार कुठं गेला ते कळलं नाही. तेव्हापासून सगळी मेंढरं नदीच्या अलीकडं उभी होती. पलीकडच्या शेतवाल्याला शब्द दिलेला, तो बोंबलत होता.

"ते कळलं," बाळाशेट म्हणाले. "पण फोन?"

"फोन त्याच्या गळ्यात हाय."

फोन आमच्याकडं जावयामुळं आला होता. तो ट्रकवर होता. त्यानं नवा फोन घेतला आणि बटणांचे दोन जुने आम्हाला दिले. एक घरी माझ्या सासऱ्यांना आणि एक बिऱ्हाडावर. दोघांत बोलणं फुकट होतं. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे, कारभारी आबा म्हणायचे. त्यांचे गुडघे गेले होते, आणि बिऱ्हाड मामांना घरी ठेवून घाट उतरलं असं ते पहिलंच वर्ष होतं. त्यावरून ते आमच्यावर रागावले होते. निघताना आमच्याशी बोलले नाहीत, फक्त मेंढरांशी बोलले.

बिऱ्हाडावरचा फोन पहिल्याच आठवड्यात कारभाऱ्यांच्या खिशातून दुधाच्या कॅनमध्ये पडला. वाळवला तर चालू झाला. मग तो घोड्याच्या खोगिराखाली सापडला. तरी चालू. मग मामांनी घरून हुकूम सोडला, "त्या बिऱ्हाडात शहाणा एकच हाय. त्येच्याच गळ्यात बांधा." म्हणून मी मेणकापडाची पिशवी शिवली आणि फोन सुभेदाराच्या गळ्यात बांधला. जावयानं ट्रक चालवताना हातात फोन नको म्हणून त्यात एक सोय करून ठेवली होती. कुणी उचलला नाही तरी फोन आपोआप उचलला जायचा आणि पलीकडचं बोलणं मोठ्यानं ऐकू यायचं. ती सोय बंद कशी करायची ते आम्हाला ठाऊक नव्हतं. तेव्हा मामांनी फोन केला की मेंढा उचलायचा, आणि जवळ जो असेल त्यानं मेंढ्याच्या गळ्याशी तोंड नेऊन बोलायचं.

"आणि मेंढा काय बोलतो?" बाकावरच्यानं विचारलं.

"तुमच्यापेक्षा कमी," कारभारी म्हणाले.

मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. नंबर मात्र तोंडपाठ होता. मी सांगितला, बाळाशेटनी दाबला आणि फोन बरणीवर ठेवून त्याचा आवाज मोठा केला. दोनदा वाजला आणि लागला.

आधी नुसतंच चघळणं ऐकू आलं.

"ह्योच!" कारभारी ओरडले. "ह्योच सुभेदार!"

"कशावरनं?"

"डाव्या बाजूनं चघळतोय की. उजवीकडचा दात पडलाय त्येचा."

तेवढ्यात पलीकडं एक बाप्या बोलला. "आये, रविवारी सासुरवाडीची माणसां येतात. ह्याचाच रस्सा करू. आपला सगला वाल खाल्लान ह्यानं. आता आपण ह्याला खाऊ. फिट्टमफाट."

"बगू," एक म्हातारी म्हणाली.

"बगू काय? मसाला वाटायला घे."

चहा उतू गेला तरी बाळाशेटचं लक्ष नव्हतं. मी बोटांवर दिवस मोजले. रविवार परवावर आला होता.

कारभाऱ्यांना दम निघाला नाही. त्यांनी बरणीवर वाकून घसा फोडला, "ए! माझा मेंढा हाय त्यो! हात लावशीला तर बघ!"

मालकाचा आवाज गळ्यातूनच आला म्हटल्यावर सुभेदारानं काय समजायचं? तो उठला असावा. भांडी पडली, कोंबड्या ओरडल्या, कुणीतरी "आये, मेलो!" म्हणालं आणि फोन बंद झाला.

"झालं," बाळाशेट म्हणाले. "आता रविवारची वाट बघणार नाहीत. आजच कापतील."

कारभाऱ्यांनी कपाळाला हात लावला. मी म्हटलं, "पुन्हा लावा."

त्यांनी लावला. ह्या वेळी एक बाई बोलली. शहरातली, स्वच्छ बोलणारी. "आपण संपर्क करत असलेली व्यक्ती दुसऱ्या कॉलवर आहे. कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा."



"म्हणजे काय?" कारभाऱ्यांनी विचारलं.

"म्हणजे," बाळाशेट हळूच म्हणाले, "तुमचा मेंढा दुसऱ्या कुणाशी तरी बोलतोय."

त्या दिवशी आम्ही दुपारी लावला, मेंढा बोलत होता. संध्याकाळी लावला, मेंढा बोलत होता. नाक्यावर ही बातमी पसरली. लोक चहाला यायचे आणि विचारायचे, "झाला का मोकळा?" बाळाशेटचा दूधवाला दुसऱ्यांदा दूध टाकून गेला. एक मास्तर म्हणाले, आमच्या साहेबांचा फोनसुद्धा इतका बिझी नसतो.

दुसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात आलं. म्हटलं, "शेट, मामांचा नंबर लावा. घरचा."

मामाही दुसऱ्या कॉलवर होते.

कारभारी खाली बसले. "म्हातारा त्येच्याशी बोलतोय? दोन दिस? माझ्याशी सणावारी चार शब्द बोलत न्हाय त्यो!"

दुपारी कधीतरी मामांचा फोन लागला. लागल्या लागल्या ते खेकसले, "कोन? म्हाळू? मधी मधी फोन करू नगं. कामात हाय मी."

"आबा, सुभेदार..." कारभारी म्हणाले.

"ठावं हाय मला. म्या त्येलाच वाचवतोय. तू ओरडलास आणि सगळं बिघडवलंस, तिथली म्हातारी सांगत हुती. त्या बाप्यानं कोयता आणला हुता. नशीब म्हणायचं, मी तवाच फोन लावला."

"मग काय बोललासा?"

"बोललो न्हाय. गायलो."

मामा एके काळी ओव्या म्हणायचे. बिरोबाच्या जत्रेत त्यांचा आवाज पलीकडच्या टेकडीवर ऐकू जायचा. सासूबाई गेल्यावर त्यांनी ते सोडलं होतं. आम्ही किती सांगितलं तरी म्हणत, आवाज गेला.

"कोयता आणलेला ऐकू आला," मामा सांगू लागले, "आणि माझ्या तोंडातनं देवाचं नावच निघालं. मग दुसरं काय सुचंना, म्हणून बिरोबाच्या जन्माची ओवी धरली. थांबलो तर तिकडून म्हातारी म्हणती, थांबलात का, पुढं म्हणा. लेकाला म्हणाली, कोयता ठेव, देवाचं चाललंय."

"मग वाचला की!" कारभारी म्हणाले.

"कसला वाचतोय? ओवी संपली की कापतील. म्हणून म्या संपवत न्हाय. देवाच्या आईला कालधरनं कळा लागल्यात. रविवार सरूस्तवर देवाला जन्मू द्यायचा न्हाय मी."

बाळाशेटनी तोंडात टॉवेल कोंबला होता.

मी पुढं झाले. "मामा, गाव कुठलं ते विचारलं का?"

"विचारलं, ठकू. ती काय कमी हाय? म्हणाली, देव जन्मला की गाव सांगते."

"आणि बॅटरी? त्यात चार्जिंग कितीसं असंल?"

"काल पिं-पिं वाजाय लागली हुती. मला घाम आला. पण म्हातारीनं शेजारनं वायर आणवली आणि लावली त्येला. आता ठेव. ती वाट बघत आसंल."

आणि त्यांनी फोन ठेवला. लगेच मेंढा व्यस्त झाला.

रविवारी उजाडताच आम्ही टपरीवर आलो. आमच्या आधीच बाकावर दहा-बारा माणसं बसली होती. कुणी दुकान उघडलं नव्हतं, कुणी शेतावर गेलं नव्हतं. मामा तेव्हा दात घासत असावेत, कारण मेंढा मोकळा होता. बाळाशेटनी सगळ्यांना दटावलं, "कोणी बोलायचं नाय. नुसतं ऐकायचं. म्हाळूभाऊ, तुम्ही तर तोंडात बिडी धरा."

चघळणं. कोंबडा. पाटा-वरवंट्याचा आवाज आला, मसाला वाटायला घेतला होता. मग लांबून एका बाईची हाळी आली. "बोंबील घ्या, सुकट घ्या, ओली मांदेली घ्यायची गोऽऽ!" शेवटचा सूर तिनं असा वर नेला की शिट्टीच वाटावी.

बाक एकदम उठलं. "चांगुणा! ही आपली मासळीवाली चांगुणा!"

"एवढ्या सकाळी चांगुणा कुठं असते?"

"पहिल्या गाडीनं उतरते ती खिंडीत. तिथनं वरची वाडी करते, मग खाली येते."

"आणि ओली मांदेली अजून शिल्लक हायत तिची. म्हणजे वरच्या वाडीतलं पहिलंच घर! पवारांचं! दत्तारामचं!"

"दत्तारामच्या सासुरवाडीची माणसं आज यायचीच हायत. माझ्याकडनंच बिस्किटं नेलीत," बाळाशेट म्हणाले आणि त्यांनी टपरीला फळी लावली.

आम्ही निघालो तेव्हा आमच्या मागं अर्धा नाका होता. कारभाऱ्यांच्या हातात काठी होती, ती मी वाटेत काढून घेतली.

वरच्या वाडीत पहिल्या घराच्या पडवीत आम्ही पाहिलं ते मला आजही दिसतं. सुभेदार ऐटीत बसला होता. त्याच्या गळ्यातून एक वायर निघून भिंतीवरच्या बटणात गेली होती. समोर गवताची पेंढी होती. त्याच्याभोवती अर्धगोल करून पाहुणेमंडळी बसली होती, धुतलेल्या कपड्यांत, हात मांडीवर ठेवून. मेंढ्याच्या छातीतून मामांचा आवाज येत होता. तो आवाज मी लग्न होऊन आले त्या वर्षी ऐकला होता. त्यानंतर आज. सगळ्यांत पुढं एक बारकीशी म्हातारी भिंतीला टेकून, डोळे मिटून बसली होती. मागच्या दारात कोयता घेऊन एक गडी उभा होता. तो दत्ताराम.

"आये, चुलीवरचं आधण आटलं," तो कळवळून म्हणाला. "आता तरी आटप म्हणून सांग त्यांना."

"बाळंतपण काय घाईनं होतं का रे?" म्हातारी डोळे न उघडता म्हणाली. "तुझ्या टायमाला मी दोन दिवस काढले."

"अहो जावईबापू, असू द्या," पाहुण्यांतला एक पिकल्या मिशांचा माणूस म्हणाला. "सुईण नदीपाशी आलीय. ती पोचली तर पाहिजे."

कारभारी पुढं झाले. "माझा मेंढा हाय त्यो!"

त्यांचा आवाज ऐकून सुभेदार उठला. वायर ताणली. मामांची ओवी थांबली.

"कोन? म्हाळू? पोचलास व्हय रं?"

दत्तारामनं कोयता वर केला, मारायला नव्हे, दाखवायला. "मालक का तुम्ही? बरं झालं आलात. चला, वाल दाखवतो. एक झाड ठेवलं नाय. वर्षाचा वाल होता आमचा."

बोलणं वाढलं असतं. मी मध्ये पडले. "दादा, वाल खाल्ला हे खरं. आमची सगळी मेंढरं तुमच्या त्या रानात बसवते. तुम्ही म्हणाल तितक्या राती. पुढच्या वर्षी भात बघा."

दत्ताराम शेतकरी होता. त्याचा कोयता खाली आला. "सगळी?"

"सगळी. पण त्यासाठी हा पुढं चालाय पायजे. ह्याच्याबिगर एक मेंढरू नदी वलांडत न्हाय."

"आणि पाव्हण्यांना काय घालू?"

"चांगुणेची मांदेली घाला," बाळाशेट मागून म्हणाले. "आताच गेली ती खाली."

मला वाटलं, सुटलं. पण मी दाव्याला हात घातला तशी म्हातारीनं डोळे उघडले. तिचं नाव सुंदराबाई. डोळ्यांत फूल पडलं होतं, नीट दिसत नव्हतं, पण हात बरोबर सुभेदाराच्या शिंगावर आला.

"मेंढा कुठं नेतेस? देव जन्मल्याशिवाय मी सोडायची नाय."

मेंढ्याच्या गळ्यातून मामा बोलले, "मेंढा सुटल्याबिगर देव जन्मायचा न्हाय!"

"आधी देव!"

"आधी मेंढा!"

"अहो, मी लहान होते," सुंदराबाई म्हणाली, "तवा तुमचे धनगर माझ्या बापाच्या शेतात बसले होते. रोज रात्री हीच ओवी. आईला कळा लागल्या आणि सकाळी उठून बगते तर बिऱ्हाड गेलेलं. जन्मभर माझ्या जिवाला लागून राहिलं, झाला का नाय झाला? आता तुमी पण तेच करणार."

बहुधा मामांना ते आपल्याच माणसांचं कर्ज वाटलं असावं. पण माघार त्यांच्या स्वभावात नव्हती. "बाई, ओवी अर्धी सोडणाऱ्यातला मी न्हाय. पण जनावर आधी रानात जाऊ द्या."

"आणि जनावर गेलं की तुमचा आवाज पण गेला."

दोन्ही म्हाताऱ्यांचं असं चालू होतं. अर्धा नाका एकाच्या बाजूनं, पाहुणे दुसऱ्याच्या बाजूनं. कारभारी डोकं धरून बसले. दत्ताराम कोयता घेऊन पायरीवर बसला. आणि मी सुभेदाराच्या गळ्याकडं बघत होते. मग खाली वाकले आणि मेणकापडाच्या पिशवीची गाठ सोडली. पिशवी सुंदराबाईच्या मांडीवर ठेवली.

"आजी, मेंढा आम्ही नेतो. देव तुमच्याकडं राहू दे."

हे आपल्याला का सुचलं नाही, असं प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होतं. कारभारी तर म्हणाले, "असं काढता येतंय व्हय?"

पण फोन घरातला होता, आणि घरात मोठे मामा. मी पिशवीवर वाकले. "मामा, फोन हितंच ठेवू का?"

मामा अगदी हळू बोलले. तसं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"ठकू, मग मला घंटा कुठनं ऐकू येणार?"

"कसली घंटा?"

"मेंढरांच्या गळ्यातल्या. चरताना वाजतात त्या. मी रोज लावतो फोन, तुमी म्हणता म्हातारा चौकशी करतोय. चौकशी कसली करतोय. तुमी बोलाय लागलासा की ऐकू येत न्हाईत, म्हणून खेकसतो. हितं घरात लई सुनं हाय गं."

फोनचा आवाज मोठाच होता. सगळ्या पडवीनं ते ऐकलं. कारभारी उठून सुभेदाराला अंगणात घेऊन गेले आणि उगाच त्याच्या पाठीवरचं गवत झटकत राहिले.

मी म्हटलं, "मग न्हाय ठेवत. आजींना सांगते."

सुंदराबाईनं आपणच पिशवी माझ्याकडं सरकवली. "ने बाई. त्येंचा त्येंना दे."

"थांब, ठकू," मामा म्हणाले. जरा खाकरले. "ठेव तिथंच. मेंढरं काय, पावसाळ्याला घरी यायचीच हायती. त्या बाईला किती साल थांबवायचं?" आणि मग पहिल्यासारखे खेकसले, "आता निघा. सुईण नदीवर उभी हाय. गर्दी करू नका."

आम्ही पायरी उतरलो तेव्हा मागं ओवी सुरू झाली होती. सुभेदार एकदा थांबला, मागं बघितलं आणि चालू लागला. दुपारपर्यंत सगळी मेंढरं नदीपलीकडं होती. पाहुण्यांनी मांदेली खाल्ली. देव तिसऱ्या प्रहरी जन्मला, असं बाळाशेटनी दुसऱ्या दिवशी मला सांगितलं, आणि पेढा द्यावा तसा चहा दिला.

पावसाळ्याला घरी आलो तर मामा ओट्यावर बसून फोनवर गात होते. देव तेव्हा रांगत होता. पुढच्या वर्षी तो चालायला लागला. मला वाटतं, देवाच्या आयुष्यात इतक्या गोष्टी कुठल्याच ओवीत नसतील, निम्म्या मामांनी स्वतः जोडल्या असणार. दर वर्षी घाट उतरला की आम्ही दत्तारामच्या रानात मेंढरं बसवायचो, आणि सुंदराबाई फोन शेताच्या बांधावर ठेवायला लावायची. तिथं मग कुणी बोलायचं नाही. घरी मामा ऐकत असत.

मामा तिसऱ्या श्रावणात, सोमवारी दुपारी वारले. सुंदराबाई त्याच्या पुढच्या होळीला गेल्या. सुभेदार त्यानंतरच्या वर्षी पौषात, म्हातारा होऊन, आपला आपण मेला.